थांबलेल्या गाडीचा ब्रेक कोणाकडे? ट्रॅफिकमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल वारंवार ‘सुटतो’ तेव्हा

आधी समस्या सांगतो. ती बऱ्याच जणांची आहे आणि बहुतेकांना तो गाडीतला बिघाड वाटतो. अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे एसीसी, चालू आहे. हा पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपला वेग आपोआप कमी-जास्त करतो. पुढची गाडी थांबली, तिच्यामागे आपलीही अलगद थांबली. इथवर सगळं छान. पुढे मात्र रोज वेगळंच काहीतरी होतं. कधी पुढचा ट्रक निघून जातो आणि आपली गाडी जागची हलत नाही, मागचे हॉर्नवर हॉर्न मारतात. कधी एक बीप वाजतो आणि थांबलेली गाडी आपणहून पुढे सरकायला लागते. कधी निघते, पण इतकी जोरात की पाय ब्रेकवर जातोच. आज एक, उद्या दुसरं. एकसारखं होत नाही म्हणून कारण सापडत नाही.

माझ्याकडे हे जवळजवळ चार महिने चाललं. मी राहतो वडोदऱ्यात मांजलपूरला आणि कामाला जातो अंकलेश्वरला, आठवड्यातून सहा दिवस अप-डाउन. राष्ट्रीय महामार्ग ४८: जांबुवा, पोर, करजण, पालेज, भरूच, नर्मदा ओलांडली की अंकलेश्वर. वडोदऱ्यातल्या माणसाला जांबुव्याचा पूल समजावून सांगावा लागत नाही. मोठा रस्ता येतो आणि पुलावर आवळतो. टँकर, ट्रेलर, एसटी, तीनचाकी छकडो, मोटारसायकली सगळे एकाच तोंडातून आत शिरतात. भरूचला २०१७ साली नर्मदेवर केबलचा नवा पूल झाला आणि तिथली वर्षानुवर्षांची कोंडी सुटली. जांबुवा, बामणगाम, पोर या अरुंद पुलांनी मात्र आम्हा अप-डाउनवाल्यांचे किती तास खाल्ले, त्याला हिशेब नाही. गाडी घेताना एसीसी असलेलीच घ्यायची हे मी याच रांगेत बसून ठरवलं होतं. उजव्या पायाचा घोटा संध्याकाळी सुजायचा.

आता प्रसंग. सकाळचे पावणेआठ, जांबुव्याच्या अलीकडे रांग. पुढे केमिकलचा टँकर. गाडी त्याच्यामागे थांबली. माझ्या शेजारी आमच्याबरोबर रोज येणारे एक काका बसले होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. मी त्यांना डब्याची पिशवी मागे ठेवायला देत होतो. बीप झाला, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही. या गाड्या दिवसभर कशावरून तरी वाजतच असतात. काका एकदम म्हणाले, “अहो, गाडी चाललीय!” मी बघतो तर टँकरचा मागचा पिवळा-काळा पट्टा काचेत मोठा मोठा होत येत होता. ब्रेक दाबला. उतरून पाहिलं तर बंपर आणि टँकरच्या मागच्या आडव्या लोखंडी पाइपमध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती. काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळी ते ट्रेनने घरी गेले. ते मला फार लागलं.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी मशीन लावलं, बिघाडाचा कोड काही आला नाही, “सगळं ओके आहे” म्हणून परत दिली. दुसऱ्यांदा नेली, पुन्हा तेच. मी तेव्हा चिडलो होतो. आता समजतं की मशीन खोटं बोलत नव्हतं. गाडीत बिघाड नव्हताच. एसीसीने ज्या क्षणी ब्रेक सोडला तो क्षण मला कळला नव्हता, आणि कुठे बघायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

रविवारची चाचणी

तिसऱ्या वेळी तसंच झालं तेव्हा नशिबाने माझं लक्ष मीटरवर होतं. गाडी थांबली तेव्हा एसीसीचं चिन्ह हिरवं होतं. बीप झाला आणि ते पांढरं झालं. तेवढ्यावरून पुढची दोरी हाती लागली.

रविवारी सकाळी मेहुण्याला सांगितलं, तुझी गाडी घेऊन मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ये. रविवारी तिथले आतले रस्ते रिकामे असतात, रुंद आणि सरळ. तो पुढे, मी मागे, वेग ताशी तीस-चाळीस, अंतराची सेटिंग सगळ्यात लांब, आणि माझा पाय ब्रेकच्या वर सतत तयार. तो थांबायचा, मी मोठ्याने मोजायचो, तो निघायचा. बायको शेजारी बसून वहीत लिहीत होती.

पहिल्या खेपेला तो थांबून लगेच निघाला. माझी गाडीही त्याच्यामागे आपोआप निघाली. दुसऱ्यांदा मी तीनपर्यंत मोजलं. गाडी थांबलेली राहिली, तो वीस मीटर पुढे गेला तरी हलली नाही, मीटरवर मात्र ‘पुढची गाडी निघाली’ असा संदेश आला. स्टिअरिंगवरचं रिझ्युमचं, म्हणजे एसीसी पुन्हा पुढे चालू करायचं, बटण दाबलं, निघाली. पुन्हा तसंच थांबवलं आणि बटणाऐवजी अ‍ॅक्सिलरेटरला जरासा स्पर्श केला, तरी निघाली. असं सहा वेळा केलं, सहाही वेळा तेच. म्हणजे “कधी निघते, कधी निघत नाही” हे खरं नव्हतं. तीन सेकंदांच्या आत निघते, नंतर विचारते.

मग मी ती गोष्ट केली जी रोज नकळत करत होतो. गाडी थांबल्यावर पाय ब्रेकवर ठेवला. बीप, हिरवं चिन्ह पांढरं. पाय उचलला आणि गाडी सरकायला लागली.

सापडलं. पंचवीस वर्षांची सवय आहे: गाडी थांबली की पाय ब्रेकवर जातो. ब्रेकला पाय लागला की एसीसी समजतो, चालकाने ताबा घेतला, आपण बाजूला व्हावं. तो बाजूला होतो आणि बीप देऊन तसं सांगतोही. मग मी चिन्ह न बघता, गाडी एसीसीनेच धरलीय असं समजून पाय काढतो. ऑटोमॅटिक गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, असली की पायाशिवाय हळूहळू पुढे सरकतेच, ताशी पाच-सात किलोमीटरने. टँकर आणि मी यांच्यामध्ये त्या वेळी कुणीच नव्हतं. ना एसीसी, ना माझा पाय.

ब्रेकला स्पर्श केला की क्रूझ सुटायचा, हा नियम फार जुना आहे. राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने, जे लहानपणापासून अंध होते, १९५० मध्ये क्रूझ कंट्रोलचं पेटंट मिळवलं आणि १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. त्या साध्या क्रूझला फक्त वेग धरता यायचा. मोकळ्या रस्त्यावर ब्रेकला पाय लागला की तो सुटणं हेच त्याचं सुरक्षिततेचं सूत्र होतं, आणि वेगात ते बरोबरच आहे. थांबलेल्या ऑटोमॅटिक गाडीत मात्र तेच सूत्र उलटं पडू शकतं. म्हणून रांगेत थांबल्यावर मनात एकच प्रश्न हवा: या क्षणी ब्रेक कोणाकडे आहे? गाडीकडे की माझ्याकडे? उत्तर माहीत नसेल तर ते ‘माझ्याकडे’ असं धरून पाय दाबायचा आणि दाबलेलाच ठेवायचा.

तुम्ही ही चाचणी करणार असाल तर दोन गाड्या, रिकामा रस्ता, दोघेही जाणते चालक, मुलं गाडीत नकोत, आणि पाय ब्रेकपासून बोटभरही दूर नको. भिंतीसमोर किंवा पुठ्ठ्याचे खोके ठेवून करू नका. त्यातून एसीसीबद्दल काहीच कळत नाही आणि बंपर मात्र जातो.

आपल्या गाडीत कोणता एसीसी आहे

सगळे एसीसी गाडी पूर्ण थांबवत नाहीत. शोरूममध्ये सगळ्यांनाच ‘एडास’, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणा, म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९९९ साली मर्सिडीजने एस-क्लासमध्ये रडारवर चालणारा डिस्ट्रॉनिक आणला तेव्हा तोही कमी वेगात काम सोडायचा. गाडी पूर्ण थांबवणारी पुढची आवृत्ती २००५ नंतर आली. आज आपल्या रस्त्यावर असे तीन प्रकार शेजारी शेजारी धावताहेत.

पहिला प्रकार ठरावीक वेगाखाली, बऱ्याच गाड्यांत ताशी ३० किलोमीटरच्या आसपास, बीप देऊन सुटतो. गिअर हाताने बदलायच्या गाडीत तर असं होणारच, कारण क्लच तुमच्या पायात आहे. गाडी आपोआप थांबवली तर इंजिन बंद पडेल. हा प्रकार असेल तर “एसीसीने गाडी थांबवली नाही” ही तक्रारच नाही. त्याने थांबवायचं कबूलच केलेलं नसतं. वाईट एवढंच की तो नेमका सुटतो तेव्हा आपण रांगेच्या शेपटाकडे जात असतो, आणि तिसाच्या वर त्याने इतके छान ब्रेक लावलेले असतात की पुढेही लावेल असं वाटतं.

दुसरा प्रकार गाडी पूर्ण थांबवतो, पण दोन-तीन सेकंदच धरतो आणि मग सोडतो. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक नसून हाताने ओढायचा हँडब्रेक असतो, तिच्यात असं सापडण्याची शक्यता जास्त. गाडीला स्वतःला बराच वेळ धरून ठेवण्याचं साधन नसतं. इथे ब्रेकला पाय न लावताही बीपनंतर गाडी सरकू शकते. माझ्या मते तिन्हींत हा सगळ्यात फसवा, कारण पहिले दोन सेकंद तो तिसऱ्या प्रकारासारखाच वागतो.

तिसरा, ज्याला ‘स्टॉप अँड गो’ म्हणतात, तो गाडी थांबवतो, धरतो, थोड्या वेळात पुढची गाडी निघाली तर आपोआप निघतो, जास्त वेळ झाला तर बटणाची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची वाट पाहतो. काही मिनिटं तसंच राहिलं तर बहुतेक गाड्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक लावून एसीसी बंद करतात. दार उघडलं किंवा सीटबेल्ट काढला तरी तसंच. माझी गाडी या प्रकारातली आहे. तीन सेकंद हा आकडा माझ्या गाडीचा. तुमच्या गाडीत दोन असेल, काहींत तीसही असतो. मॅन्युअलमध्ये एसीसीच्या प्रकरणात ‘थांबल्यावर’ किंवा ‘कमी वेगात पाठलाग’ अशा मथळ्याखाली तो दिलेला असतो. ते दीड पान शांतपणे वाचा. मी गाडी घेतल्यावर चार महिने ते उघडलं नव्हतं.

ऑटो होल्ड ही वेगळी वस्तू आहे, हे इथेच सांगतो कारण मीही दोन्ही एकच समजत होतो. ऑटो होल्ड तुम्ही ब्रेक दाबून गाडी थांबवल्यावर तिला धरतो. त्याचा एसीसीशी संबंध नाही, आणि काही गाड्यांत तर गाडी बंद करून चालू केली की तो पुन्हा बंदच असतो. माझा उपाय बराचसा याच बटणात होता: आता मांजलपुरातून निघतानाच ऑटो होल्ड चालू करतो. ब्रेकला पाय लागून एसीसी सुटला तरी थांबलेली गाडी ऑटो होल्ड धरतो आणि ती सरकत नाही. जांबुव्याच्या पुलाच्या चढावर गाडी मागे येण्याची भीतीही त्यामुळे गेली.

“मग आपत्कालीन ब्रेक का लागला नाही?” हे मेहुण्याने विचारलं आणि प्रश्न बरोबर आहे. आपोआप लागणारा आपत्कालीन ब्रेक एसीसी सुटल्यावरही जागा असतो. पण बऱ्याच गाड्यांत तो ताशी पाच-दहा किलोमीटरच्या खाली काम करत नाही, नाहीतर पार्किंगमध्ये खांबाजवळ जाताना गाडी दर वेळी दचकून थांबेल. ‘डी’मध्ये सरकणारी गाडी नेमकी त्या वेगाखाली असते.

रिझ्युम दाबण्याआधी खाली बघा

जोरात निघण्याचं कारण सोपं आहे. एसीसीच्या डोक्यात तुम्ही लावलेला वेग असतो. मी पोरनंतरच्या मोकळ्या रस्त्यावर ८० लावलेला असतो आणि जांबुव्याच्या रांगेतही तो ८०च असतो. पुढे गाडी आहे म्हणून तो दबून राहतो इतकंच. पुढचा ट्रक निघून गेला किंवा डावीकडे वळला की गाडीला समोर मोकळं दिसतं आणि ती ८०च्या मागे लागते. रांगेत शिरताना लावलेला वेग ३०-४०वर आणा. अंतराची सेटिंगही लांबची ठेवा, कितीही लोक मध्ये घुसले तरी. हो, घुसतात. घुसू द्या.

यापेक्षा गंभीर गोष्ट गाडीच्या नाकासमोरची आहे. रडार बंपरमध्ये किंवा पुढच्या लोगोमागे बसवलेला असतो आणि कॅमेरा आरशामागे काचेला. दोघांची नजर पुढे लांबवर लावलेली असते. नाकाजवळच्या दीड-दोन मीटरमध्ये, विशेषतः कोपऱ्यांवर, त्यांना कमी दिसतं. आपल्या रांगेत नेमकी तीच जागा भरलेली असते. रांग थांबली की दाळिया-शेंगदाण्याची पुडी, पाण्याची बाटली विकणारी पोरं दोन गाड्यांच्या फटीतून आडवी जातात. मोटारसायकलवाला तिरका घुसून पुढचं चाक आपल्या बंपरपुढे आणून ठेवतो. अशाच एका पोराच्या वेळी मी रिझ्युमच्या बटणावर अंगठा ठेवून पुढच्या ट्रकच्या दिव्यांकडे बघत होतो. दाबणार एवढ्यात बॉनेटच्या कडेवर बाटल्यांच्या क्रेटचा निळा कोपरा दिसला. पोरगं वाकून खाली पडलेलं नाणं उचलत होतं. मी दाबलं असतं तर गाडीने ते पोरगं पाहिलं असतं की नाही, हे मला ठामपणे सांगता येत नाही, आणि ते ठामपणे सांगता येत नाही तोवर बटण दाबायचं नाही, हा माझा नियम झाला. आता आधी डावा कोपरा, मग उजवा, मग पुढे, मग बटण. ज्यांची गाडी तीन सेकंदांत आपोआप निघते त्यांनी ही नजर त्या तीन सेकंदांतच फिरवायला हवी, कारण तिथे बटणही विचारलं जात नाही.

टोलनाक्यावर एसीसी बंदच करा. करजणजवळ भरथाणा टोलवर पुढच्या गाडीचा फास्टॅग वाचला जातो, दांडी वर जाते, ती निघते, दांडी पुन्हा खाली येते. तुमची गाडी पुढच्या गाडीचा पाठलाग करतेय. दांडी ही तिच्या लेखी गाडी नाही. त्या बारीक आडव्या दांडीवर ब्रेक लागेल असं समजू नका.

ट्रेलरमधून मागे बाहेर आलेल्या सळयांचंही तसंच. रडारला ट्रेलरची मागची बाजू किंवा मागची चाकं दिसतात आणि गाडी त्यांच्यापासून मोजून अंतर ठेवते. सळया मात्र तिथून पुढे तुमच्या काचेकडे आलेल्या असतात. अशा ट्रेलरमागे एसीसीला थांबायला लावू नका, लेन बदला किंवा पायाने चालवा.

आधीच थांबलेली गाडी

हा वेगळा आणि याहून धोक्याचा विषय आहे. वरच्या सगळ्यात निदान वेग कमी असतो. इथे नाही.

पुढे चालणारी गाडी एसीसीला नीट दिसते. ती आपल्या समोर हळूहळू थांबली तर तिला धरून ठेवलेलं असतं, म्हणून आपणही थांबतो. पण रस्त्यात आधीपासून थांबलेली गाडी, रांगेचं शेपूट, पंक्चर झालेला ट्रक, दिवा नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, यांचं तसं नाही. गाड्यांतले लांब पल्ल्याचे रडार ७७ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि परत आलेल्या लहरीवरून समोरच्या वस्तूचा वेग ओळखतात. आपण ८०ने जात असताना जे जे स्थिर आहे ते सगळं रडारला सारखंच दिसतं: दुभाजकाचं रेलिंग, डोक्यावरचा हिरवा बोर्ड, पुलाचा कठडा, आणि थांबलेला ट्रकही. त्या प्रत्येकावर ब्रेक लागला तर गाडी चालवताच येणार नाही, म्हणून स्थिर वस्तूंकडे रडार बरंच दुर्लक्ष करतो. कॅमेरा मदतीला असतो, पण धुरात, पावसात, समोरच्या उन्हात त्यालाही मर्यादा येतात. मॅन्युअलमध्ये ‘थांबलेल्या वाहनांवर प्रतिक्रिया येईलच असं नाही’ अशा अर्थाची ओळ बहुतेक सगळेच छापतात.

सगळ्यात वाईट रूप असं: तुम्ही एका ट्रकमागे ८०ने, दोन सेकंदांच्या अंतरावर, म्हणजे साधारण ४४ मीटर. ट्रकवाल्याला उंचावरून पुढची रांग दिसते, तो शेवटच्या क्षणी लेन बदलतो. तुमच्यासमोर अचानक थांबलेली गाडी, समजा ७० मीटरवर. एसीसीच्या आयएसओ १५६२२ या आंतरराष्ट्रीय मानकात जास्त वेगाला त्याच्या ब्रेकची मर्यादा सरासरी ३.५ मीटर प्रति सेकंद वर्ग धरली आहे, म्हणजे त्याच दराने थांबायचं तर ८०वरून साधारण ७० मीटर लागतात, तेही पहिल्याच क्षणी त्याने गाडी ओळखली तर. कोरड्या रस्त्यावर तुमचा पाय पूर्ण ताकदीने ब्रेकवर पडला तर प्रत्यक्ष ब्रेकचं अंतर ३० मीटरच्या आसपास येतं. एसीसी हा आरामासाठीचा ब्रेक आहे. संकटातला ब्रेक पायात आहे.

म्हणून महामार्गावर उंच ट्रकच्या अगदी मागे एसीसी लावून राहू नका, आणि पुढे लांबवर लाल दिवे पेटलेले दिसले की गाडीने दखल घेण्याची वाट न बघता स्वतः वेग कमी करा. अहमदाबाद-वडोदरा एक्सप्रेसवेवर दुचाकी नाहीत, गुरं नाहीत, तिथे एसीसी खरोखर सुखाचा आहे. पण तिथेही वडोदऱ्याकडच्या टोलला रांग असली की शेपटाकडे आपण पूर्ण वेगाने जात असतो. मी शेवटचे दोन किलोमीटर आधीच बंद करतो.

एसीसी लागतच नसेल, मधेच ‘रडार झाकला गेला’ येत असेल तर

आधी धुवा. पावसाळ्यात ट्रकच्या मागून उडणारा चिखल लोगोवर आणि खालच्या जाळीवर थापला जातो. मऊ ओलं फडकं पुरतं; घासू नका. कॅमेऱ्यासमोरची काच आतूनही पुसा, एसीची वाफ तिथे धरते.

दसऱ्याला आमच्याकडे एक गंमतीची नव्हे, नीट लक्षात ठेवायची गोष्ट घडली. आईने गाडीची पूजा केली, लोगोला झेंडूचा भरगच्च हार आणि आपट्याची पानं बांधली, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नेमकं मधोमध वर, जिथे कॅमेरा आहे. दुसऱ्या दिवशी निघालो तर एसीसी नाही, लेनची सूचना नाही, आपत्कालीन ब्रेकचाही पिवळा दिवा. ओली फुलं आणि तार रडारच्या तोंडावर होती. आईला समजावलं तेव्हा ती लगेच म्हणाली, “मग मला आधी का नाही सांगितलंस?” आता हार बॉनेटवर बाजूला आणि स्वस्तिक बॉनेटच्या मधोमध. पूजा तशीच होते आणि गाडीचे डोळेही उघडे राहतात.

बंपरपुढे लोखंडी गार्ड बसवलं असेल, नंबरप्लेटची जाड फ्रेम लावली असेल, लोगो बदलून बाजारातला चमकदार बसवला असेल, तर तेच कारण समजा आणि काढा. रडार असलेल्या गाडीचा मूळ लोगो खास असतो, त्यातून लहरी जाव्या लागतात. पुढची काच बदलली असेल किंवा बंपरला साधासा धक्का बसला असेल तर कॅमेरा आणि रडार यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची नजर पुन्हा नीट जुळवून घेणं, करून घ्या. ते केलं नाही तर गाडी शेजारच्या लेनमधल्या ट्रकवर ब्रेक मारते किंवा आपल्या लेनमधला उशिरा पाहते. यातलं दुसरं फार दिवस लक्षातही येत नाही.

हे सगळं करूनही गाडी थांबल्यावर पाय ब्रेकला न लावता, मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेच्या आत एसीसी सुटत असेल, तर मात्र तो बिघाड आहे. सर्व्हिस सेंटरला “कधी कधी होतं” असं सांगू नका. शेजारी बसलेल्या माणसाला मीटरचा व्हिडिओ काढायला सांगा, ज्यात चिन्हाचा रंग बदलताना दिसेल, बीप ऐकू येईल, आणि शक्य असेल तर ब्रेकपेडलही. सेकंद मोजून लिहा, उतार होता का, ऑटो होल्ड चालू होता का, पुढे काय होतं, तेही लिहा. मी वही घेऊन गेलो तेव्हा तिथल्या मेकॅनिकने पहिल्यांदा गाडी बाहेर काढली आणि माझ्याबरोबर रस्त्यावर येऊन बसला.

काका सोमवारपासून पुन्हा माझ्याबरोबर येतात. गाडी थांबली की मी चिन्ह बघतो आणि मोठ्याने सांगतो, “हिरवं आहे, गाडीकडे.” किंवा “पांढरं, माझ्याकडे.” आता जांबुव्याला गाडी थांबली की माझ्याआधी तेच विचारतात.